फ्रीझरमधला कळप

हुरड्याचे दिवस आले की आमच्या कॉलेजातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर आमंत्रणं यायला लागतात. यंदाचं आमंत्रण मोठं देखणं होतं. कोवळी कणसं, मडक्यातलं दही, शेंगदाण्याची चटणी, बाजेवर रेललेलं एक शहरी कुटुंब, आणि त्यांच्या मागे उन्हाकडे तोंड करून उभा असलेला एक काळवीट. पीळदार शिंगं, ताठ मान. खाली लिहिलं होतं, 'माळरानावरच्या निसर्गाच्या सान्निध्यात'. जागेचं नाव वाचलं आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. श्रीगोंदा आणि कर्जत यांच्या मधला तो माळ मला ठाऊक आहे. मी तिथे हिवाळेच्या हिवाळे उकिडवी बसून काढलेत. दिलेल्या नंबरावर फोन लावला आणि विचारलं, "काळवीट दिसतात का हो तुमच्याकडे?"

"काळवीट? न्हाई म्याडम, त्यो फोटू नेटवरनं घेतलाय. पन हुरडा एक नंबर हाय. आन् बैलगाडीची फेरी फुकट."

त्या बिचाऱ्यावर काय चिडायचं! निदान तो खरं बोलला. त्या माळाबद्दल माझ्याशी खरं बोललेली माणसं फार थोडी आहेत.

लोकांना आवडते ऋतू असतात. मला एक नावडता ऋतू आहे आणि तो दरवर्षी न चुकता येतो. मार्गशीर्ष लागतो, नगरची ती कोरडी, ओठ फोडणारी थंडी पडते, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागतात, आणि माझ्या बोटांना आपोआप चिमट्याची आठवण होते. सकाळी उन्हं वर यायच्या आत माळावर पोचायचं, गवतावरचं दव पायजम्याला पोटरीपर्यंत भिजवतंय तिकडे लक्ष द्यायचं नाही, आणि खाली बघत चालायचं. वर बघायचं नाही. हरणं बघायला आलेला माणूस वर बघतो. मी हरणांच्या लेंड्या बघायला जात होते.

हसा खुशाल. माझ्या आईने शेजारणींना शेवटपर्यंत 'हरणांवर काहीतरी करते' एवढंच सांगितलं. मी तेव्हा पीएच.डी. करत होते. नगर जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात काळविटांचे कळप असे तुटक तुटक उरले आहेत. कर्जतकडे अभयारण्यात एक मोठा, बाकीचे कुणाच्या गायरानावर, कुणाच्या पडीक माळावर. मधे ऊस, कालवे, रस्ते. प्रश्न असा होता की हे कळप अजून एकाच गोतातले आहेत, की वेगवेगळे पडले? आणि प्रत्येक कळपाच्या रक्तात विविधता किती शिल्लक आहे, की आपसातच प्रजा होऊन सगळी एकसारखी होत चालली आहेत? हे मोजता येतं. हरणाला धरावं लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. ताज्या लेंडीच्या वरच्या पापुद्र्याला त्या जनावराच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. तेवढ्यातून त्याच्या आईबापाची सगळी खूण मिळते. फक्त लेंडी ताजी हवी. पावसाने धुतली की गेली, उन्हाने भाजली की गेली. म्हणून थंडी, म्हणून पहाट. माझ्या ऋतूचं एवढंच काव्य.

त्या माळावर मला पहिल्याच दिवशी जिने हटकलं ती कौसामावशी. गायरानाला लागून तिचा जमिनीचा एक तुकडा, त्यात शाळू. मुलगा आणि सून कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेले, दिवाळी झाली की गाव असं निम्मं रिकामं होतं. मागे मावशी, तिची शेरडं, आणि तिचं तोंड. ते एकटं गावभर पुरायचं.

"काय हरवलं गं तुजं?" तिने बांधावरून विचारलं.

मी सांगितलं. ती पदर तोंडाला लावून एवढी हसली, की शेरडं बुजली. "आगं बया! शिकूनसवरून लेंड्या येचतीस? आमी न शिकता येचतो की!" त्या दिवसापासून मी तिची लेंडीबाई. गावातही तेच नाव झालं. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणायचं, 'लेंडीबाईला कमी साखरंचा', आणि मला राग यायचा बंद झाला.

दोन दिवसांनी मी गेले तर मावशी खताचं एक रिकामं पोतं गळ्यापर्यंत भरून माझी वाट बघत होती. पहाटे उठून सगळा माळ खराट्याने झाडून काढला होता तिने. हरणाच्या, शेरडाच्या, कुणाच्या मेंढराच्या, जुन्या, नव्या, सगळ्या एकत्र. "घे. येक येक येचून कवा व्हयाचं तुजं? अजून लागलं तर सांग." मी कपाळावर हात मारला. माझा आठवड्याचा माळ तिने पोत्यात घातला होता. पण तिचं तरी काय चुकलं! आमच्या भागात लेंडी म्हणजे खत. मेंढरांचा कळप रानात बसवून घ्यायला माणसं धनगराची आर्जवं करतात. लेंडी जास्त असणं चांगलं, एवढं साधं गणित. एका ढिगातल्या चारच घ्यायच्या, प्रत्येक ढिगाची वेगळी डबी करायची, त्यात स्पिरिट ओतायचं, ही कंजुषी तिच्या डोक्यात शिरेना.

"बरं, ह्या डब्या न्हेऊन करतीस काय?"

मी म्हटलं, थोड्या तपासणार, बाकीच्या फ्रीझरमध्ये ठेवणार. वर्षानुवर्षं टिकतात. यात त्या हरणाचं सगळं असतं, आई, बाप, आजोबा-पणजोबा.

"म्हंजी बेनं ठिवतीस म्हन की!" तिचा चेहरा एकदम उजळला. घरात नेऊन तिने मला उतरंडीतलं मडकं दाखवलं. आत राखेत कालवलेलं वालाचं, कारळ्याचं बी. "मी राखंत ठिवते, तू दारूत. येकच की." मी हसले. मला भूक लागली होती आणि ती भाकरी थापायला बसली होती. तो विषय तिथेच राहिला.

तिच्या शेताची एक रीत होती. बाभळीच्या काट्यांचं कुंपण सगळीकडून बांधावर, पण माळाच्या बाजूला ते दोन ओळी आत. म्हणजे माळाकडच्या दोन ओळी शाळू कुंपणाबाहेर. पेरायच्या, खुरपायच्या, पण राखायच्या नाहीत. त्या हरणांच्या. तिच्या सासऱ्यापासूनचं चालत आलेलं. "पोट भरलं की आत घुसत न्हाईत. घुसली तर मी हाय आन् माजी गोफन हाय." खरंतर घुसायची. मावशी गोफण गरगरा फिरवत त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मुडदे, आवदसा, काही बाकी ठेवायची नाही. आणि पुढच्या पेरणीला पुन्हा दोन ओळी बाहेर सोडायची. मी हे प्रेम आहे वगैरे काही म्हणणार नाही. शेजाऱ्याशी भांडतात तसं होतं ते. भांडायला शेजारी तर पाहिजे! हुरड्याच्या दिवसांत त्या दोन ओळींचे नुसते बुडखे उरलेले असायचे.

त्या दिवसांतलं एक दृश्य अजून जात नाही डोळ्यांपुढून. धुकं उतरतंय, माळाच्या उंचवट्यावर एक काळवीट आपल्या ठरलेल्या लेंड्यांच्या ढिगापाशी उभा, रोज तिथेच, हद्दीचा दगड रोवल्यासारखा. पलीकडे माद्या, पाडसं. मावशी पाठीमागून येते, हातात कणसं भाजायला पेटवलेली, धुमसती गोवरी, आणि म्हणते, "त्यो बघ, पाटील. दिसभर हुबा ऱ्हानार, काम काय न्हाई." आम्ही दोघी राखेतून काढलेली गरम कणसं हातावर चोळून, फुंकर मारून दाणे खात उभ्या. पाटील आमच्याकडे बघतो. मला वाटलं होतं, हे असंच चालायचं.

मावशीला माझं काम एका शब्दात कळलं होतं. सोयरीक. "म्हंजी हितल्या हरनांची आन् तिकडच्या अभयारन्यातल्या हरनांची सोयरीक हाय का, ह्ये बघतीस तू." मी तीन वर्षं जे इंग्रजीत लिहीत होते ते हेच. सोयरीक होत राहिली की दोन्हीकडच्या खुणा मिसळत राहतात, कळप एकसारखे राहतात. ती तुटली की पिढ्यांमागून पिढ्या दोन्ही कळप आपापल्या वाटेने वेगळे होत जातात. त्या वेगळेपणाचा एक आकडा निघतो. शून्य म्हणजे काहीच फरक नाही, एक म्हणजे पुरते वेगळे.

माझा आकडा शून्याच्या अगदी जवळ आला.

किती आनंद झाला होता मला! सोयरीक होती. कालवा, रस्ता, ऊस येण्याआधी हे सगळे एकाच माळाचे रहिवासी होते, आणि अगदी काल-परवापर्यंत येणं-जाणं होतं. शिवाय मावशीच्या माळावरच्या कळपात एक-दोन खुणा अशा निघाल्या, की त्या दुसऱ्या कुठल्याच कळपात नव्हत्या. मी अहवालात स्वच्छ लिहिलं. आज फरक दिसत नाही याचा अर्थ वाट आज मोकळी आहे असा नव्हे. जनुकांना बातमी उशिरा कळते. आजोबा-पणजोबांची हालहवाल ती आज सांगतात. वाट आत्ता तुटते आहे, तिचा परिणाम आकड्यात दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. म्हणून दोन्ही माळ राखा आणि मधली वाट उघडी ठेवा.

त्याच वर्षी त्या गायरानावर सौर पॅनेल बसवायचं ठरलं. मावशीला ही कुणकुण माझ्याआधी लागली होती. ती मला म्हणाली, "तुज्या त्या डब्यांत आमचं गायरान हाय बघ. हरनं हायेत म्हनून सरकारनं लिवलं तर माळ ऱ्हाईल. माळ ऱ्हायला तर माजी शेरडं ऱ्हातील." तिचं म्हणणं सरळ होतं. तिला चरायला दुसरी जागा नव्हती. शेरडांवर तिचं घर चालायचं, मुलगा-सून उसाच्या फडावरच्या कोपीत आणि ती कुणापुढे हात न पसरता गावात. मी तिला शब्द दिला नव्हता, पण मान हलवली होती. मलाही तसंच वाटत होतं की. एवढा पुरावा आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

बैठक मारुतीच्या देवळासमोर झाली. एका कार्यालयातले साहेब आले होते, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. माझा अहवाल त्यांच्या हातात होता, त्यात मधोमध पिवळी पट्टी चिकटवलेली. माझं नाव घेऊन त्यांनी माझं कौतुक केलं. आपल्या जिल्ह्यातल्या मुलीने केलेलं उच्च दर्जाचं संशोधन वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, "मॅडमनी शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केलं आहे, की इथली हरणं आणि अभयारण्यातली हरणं यांच्यात काहीही फरक नाही. म्हणजे इथे वेगळं असं काही नष्ट होणार नाही. हा कळप तिकडच्या मोठ्या कळपात आपोआप समाविष्ट होईल."

मी ताडकन उभी राहिले. म्हटलं, साहेब, पुढचं वाक्य वाचा. त्यांनी हात जोडले. "मॅडम, गावकऱ्यांना सोप्या भाषेत सांगा. वेगळी आहेत की नाहीत? हो किंवा नाही."

"नाहीत, पण..."

"धन्यवाद."

पुन्हा टाळ्या. माझा 'पण' अजून त्या देवळासमोर पडून असेल. मी बोलत राहिले, पण माईक पुढे सरपंचाकडे गेला होता. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून मावशीचा आवाज आला, माईक नसतानाही सगळ्यांना ऐकू गेला.

"सायेब, सोयरीक हाय म्हनून मानूस आपलं घर सोडून सोयऱ्याच्या दारात ऱ्हायाला जातं व्हय? तुमी जाताल?"

लोक हसले. साहेबही हसले. मावशी हसत नव्हती. हसण्यावारी नेणं ही आपल्याकडची ठराव पास करायची सगळ्यात सोपी पद्धत आहे.

बैठक संपल्यावर मी त्यांना गाडीपाशी गाठलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हटलं, तुम्ही माझं वाक्य अर्धं तोडलंत. ते चिडले नाहीत. मला बाजूला घेऊन मोठ्या भावासारखं म्हणाले, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. तुमचा आकडा उलटा आला असता, तरी माळ जाणारच होता. वेगळी निघाली असती तर आम्ही म्हटलं असतं, लहान कळप, एकटा पडलेला, रक्त बिघडलेलं, इथे टिकायचा नाही, हलवलेलाच बरा. अहवाल लागतो, एवढंच." आणि ड्रायव्हरला म्हणाले, मॅडमना नगरपर्यंत सोडायचं का विचार. मी एसटीने आले.

त्या माणसाचा मला आजही संताप येतो, आणि सगळ्यात जास्त संताप याचा की तो खोटं बोलला नाही. माझा आकडा बरोबर होता. पुन्हा तपासून पाहिला, पुन्हा तोच. एका अक्षराची चूक नाही. शून्याच्या जवळ. विद्यार्थी मला विचारतात, मॅडम, बरोबर उत्तर आल्यावर काय करायचं? मी म्हणते, खाली दोन रेघा मारा.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत जाळीचं कुंपण उभं राहिलं. आत निळी पॅनेलं ओळीने, मोठी शिस्तीची. हरणं काही दिवस जाळीच्या कडेकडेने फिरली. पाटील आपल्या ढिगाच्या जागेकडे तोंड करून बाहेर उभा राहायचा, असं मावशीने फोनवर सांगितलं. मग काही उसात शिरली, काहींना कुत्र्यांनी धरलं, काही रस्त्यावर गेली. उरलेली कुठे गेली हे कुणी पाहिलं नाही. 'तिकडे गेली असतील', साहेब म्हणाले होते. मधे सिमेंटचा कालवा, ज्यात पडलेलं जनावर घसरत राहतं, आणि पलीकडे चौपदरी रस्ता. पण गेली असतील.

मी शोधायला गेले. अभयारण्यात दोन हिवाळे लेंड्या गोळा केल्या, आणि मावशीच्या कळपाच्या त्या एक-दोन खास खुणा त्यात शोधल्या. नाही मिळाल्या. न सापडणं म्हणजे नसणं नव्हे, हे मीच वर्गात शिकवते. फळ्यावर लिहून शिकवते. मुलं उतरवून घेतात. मी त्यांच्याकडे पाठ करते तेव्हा त्यांना वाटतं मॅडम फळा पुसतायत.

या खेपेला ते हुरड्याचं आमंत्रण आलं, आणि मी ग्रुपवर काही न लिहिता रविवारी सरळ मावशीकडे गेले. रस्त्यात तीच थंडी, त्याच उसाच्या ट्रॉल्या. दारात दोनच शेरडं बांधलेली. बाकीची विकली, एवढंच ती म्हणाली. तिचं ते गावभर पुरणारं तोंड आता घरापुरतंच उरलंय. मला बघून म्हणाली, "आली का लेंडीबाई! आता काय येचनार गं?" मग आम्ही शेतात गेलो.

कुंपण पूर्वीसारखंच, माळाच्या बाजूने दोन ओळी आत. आणि बाहेरच्या त्या दोन ओळी डोक्याएवढ्या उंच, कणसं मुठीएवढी, दाण्यांनी गच्च भरलेली. एकही ताट मोडलेलं नाही. एकही पान कुरतडलेलं नाही. मागे जाळी, जाळीपलीकडे पॅनेलं. मावशीचं लग्न होऊन ती या घरात आल्यापासून हरणं जाईपर्यंत त्या दोन ओळींना कणीस धरलेलं तिने पाहिलं नव्हतं. शेजारचा कुणीतरी तिला म्हणाला म्हणे, मावशी, यंदा चांगलं पिकलं की! तिने त्याला त्या जुन्या शिव्यांपैकी एक ठेवणीतली हासडली.

"आता कशाला सोडता या ओळी?" मी विचारलं.

"मंग? आली आन् काय न्हाई दिसलं तर?"

तिने बाहेरच्या ओळींतलं एकही कणीस तोडलं नाही, कुंपणाच्या आतली तोडली. गोवरी पेटवली. आम्ही पूर्वीसारख्या दाणे चोळत बसलो. हुरडा गोड होता. तो गोड लागतो याचाही मला राग आला.

मग तिने अगदी सहज, सुनेला चुलीवरच्या दुधाचं विचारावं तसं विचारलं, "त्ये बेनं हाय न्हवं तुज्याकडं अजून?"

"कुठलं?"

"आमच्या हरनांचं. दारूतलं."

मी म्हटलं, आहे. खरंच आहे. प्रयोगशाळेतल्या फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात, एका खोक्यात, प्रत्येक डबीवर या गावाचं नाव. पाटीलही आहे त्यात. माद्या आहेत. पाडसं आहेत. त्या कुठेच न सापडलेल्या खुणाही आहेत. अख्खा कळप आहे.

"मंग किती दिस ठिवनार? लई दिस ठिवलेलं बी किडतं. आवंदा काढ की भाईर." तिने जाळीकडे बघितलं, मग आपल्या शेताकडे. "तिकडं जागा न्हाई आता. माज्या रानात काढ. मी राखीन."

ती थट्टा करत नव्हती. मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, थट्टेचा मागमूस नव्हता. इतकी वर्षं ती निर्धास्त होती. कुंपण उभं राहिलं, शेरडं विकली, हरणं गेली, तरी तिच्या मनात कुठेतरी मडक्यातल्या बियासारखं ते जपून ठेवलेलं होतं, की लेंडीबाईकडे बेणं आहे.

"मावशी," मी म्हटलं, "ते उगवत नाही. त्यातून हरीण होत नाही."

तिच्या हातातले दाणे हातातच राहिले. गोवरीचा धूर तिच्याकडे वळला तरी तिने तोंड बाजूला केलं नाही. तिने त्या भरलेल्या दोन ओळींकडे बघितलं. मग माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मंग न्हेलंस कशाला?"